राखेचा बुधवार, १७८४

२०२५ साली आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला आला आणि ५ मार्चला ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार. तीन दिवसांच्या फरकाने दोन समाज उपवासाला लागले. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, ख्रिस्ती उपवासकाळ मात्र वसंत ऋतूला बांधलेला आहे. त्यामुळे असा मेळ काही वर्षे राहतो आणि मग तुटतो. या निमित्ताने एका जुन्या राखेच्या बुधवारबद्दल लिहायचे आहे. त्याची आठवण मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत आजही निघते. आपल्या घरांत ती निघत नाही, आणि ती का निघत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे.

आधी या उपवासकाळाबद्दल थोडे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून उरतात ४०. हजरत ईसा, म्हणजे त्यांचा येशू, चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला, त्याची ही आठवण. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या परत आणून जाळतात आणि त्या राखेने पाद्री कपाळावर क्रूस काढतो. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, हा त्याचा अर्थ. दफनाच्या वेळी तीन मुठी माती टाकताना आपण जे म्हणतो ते यापासून फार लांब नाही. आता कॅथलिक पंथात सक्तीचे उपवास दोनच उरले आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. शुक्रवारी मांस वर्ज्य. पूर्वी नियम बरेच कडक होते, आणि सगळा उपवासकाळ घरात मांस शिजत नसे.

शब्दांतही गंमत आहे. अरब ख्रिस्ती या काळाला ‘अस्-सौम अल्-कबीर’ म्हणतात, मोठा रोजा. त्यांचा ईस्टर म्हणजे ‘ईद अल्-कियामा’. आपण ज्याला कयामत म्हणतो तोच शब्द, फक्त त्यांच्याकडे तो येशूच्या पुन्हा उठण्याला लागतो. माल्टा बेटावरचे लोक पक्के कॅथलिक, पण त्यांची भाषा मुळात अरबी, म्हणून उपवासकाळाला ते ‘रांदान’ म्हणतात. हा रमजानच. देवाला ते ‘अल्ला’ म्हणतात आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही. अकीदा वेगळा असतो, पण भूक आणि भाषा शेजाऱ्यांकडून घेतलेली असते.

अकीद्यातला फरक झाकायचे कारण नाही. सूरह निसामध्ये ईसा अलैहिस्सलाम यांना क्रूसावर मारले गेल्याचे नाकारले आहे, आणि गुड फ्रायडे उभा आहे तो नेमक्या त्याच घटनेवर. इथे आपले आणि त्यांचे जुळणार नाही. पण सूरह बकरामध्ये रोजा आपल्या आधीच्या लोकांवरही फर्ज होता असे सांगितले आहे, आणि सूरह मरियममध्ये खुद्द मरियम बोलण्याचा रोजा धरतात, म्हणजे कोणाशीच बोलत नाहीत.

आता गोव्याकडे. १५७९च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीतला इंग्रज जेजुइट पाद्री जहाजातून गोव्यात उतरला. एकनाथांचे भागवत पुरे होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. स्टीफन्सने पुढची चाळीस वर्षे बहुतेक सासष्टीत काढली आणि तो तिथेच वारला. तो इथली भाषा शिकला, आणि कामापुरती नव्हे. १५८३मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. विल्यम जोन्सचे त्याच विषयावरचे प्रसिद्ध भाषण त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

त्याच वर्षी सासष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेजुइट मारले गेले. गावची देवळे पोर्तुगिजांनी पाडली होती, तिथे हे लोक चर्चसाठी जागा बघायला गेले होते. त्यांतला एक रुडॉल्फ अक्वाविवा. तो नुकताच फतेहपूर सिक्रीहून परतला होता. तिथे अकबराच्या दरबारात उलेमांशी त्याचे वाद झाले होते, आणि बादशहाने त्याला सन्मानाने वागवले होते. मोगल दरबारातून सुखरूप आलेला माणूस गोव्यातल्या एका गावात मारला जातो, आणि त्याचा सूड म्हणून पोर्तुगीज त्या गावच्या गावकरांना चर्चेला बोलावून ठार करतात. स्टीफन्सने हे सगळे जवळून पाहिले होते. ‘ख्रिस्तपुराणा’चे कौतुक करताना या जमिनीचा विसर पडू नये.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा येते, दुसऱ्यात येशूचा जन्म, छळ, क्रूस आणि पुनरुत्थान. नवख्रिस्ती लोकांच्या हातून त्यांच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, बदल्यात द्यायला काही नव्हते. त्यांनीच आपल्या भाषेत एखादे पुराण मागितले, असे ग्रंथातच आले आहे. स्टीफन्सने दिले तेही खास मराठी वळणाचे. ओवी तीच, स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. मराठीच्या थोरवीच्या त्याच्या ओव्या भाषा दिनाच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येतात. तिथे टाळ्या वाजतात, पण उरलेले पुराण वाचलेला माणूस क्वचितच भेटतो.

या ‘वैकुंठा’बद्दल दोन मते आहेत. काहींना तो आदर वाटतो, काहींना भाषेतली घुसखोरी. मला वाटते, दोन्ही एकाच वेळी खरे आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५मध्ये ‘योगसंग्राम’ पुरा केला तेव्हा त्यांच्या ओवीतही वेदान्ताचे शब्द सहज आले. त्यांना कोणी घुसखोर म्हटले नाही, कारण त्यांच्यामागे इन्क्विझिशन नव्हते. स्टीफन्सच्या मागे होते, १५६०पासून.

सासष्टीतले लोक घरात कोंकणी बोलत आणि पोथी मराठीत ऐकत. आपल्याकडच्या कोकणी मुसलमानांना हे समजावून सांगायला नको. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि मशिदीच्या मिंबरावरून उर्दू. रविवारी आणि सणाला चर्चमध्ये पुराणाचे वाचन होई. पुढे १६४९ आणि १६५४मध्ये ते पुन्हा छापले गेले. तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उरलेली नाही. उत्तरेला वसई-साष्टीकडेही १६५९मध्ये फ्रान्सिस्कू वाझ द गिमारायेश या फ्रान्सिस्कन पाद्रीचे येशूच्या दुःखसहनावरचे मराठी काव्य आले. ते मुंबईत एकोणिसाव्या शतकातही छापले जात होते.

मग पोर्तुगीज राज्याचा विचार फिरला. २७ जून १६८४ला व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. आदल्या वर्षी संभाजी महाराजांच्या फौजांनी गोवा हलवून सोडला होता, त्या भीतीचाही यात वाटा असणार. १७३६च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात तर अंगणातली तुळस, पुरुषांचे धोतर, इतकेच काय मीठ न घालता भात शिजवणे, हेही गुन्हे ठरले. तुमच्या चुलीवरच्या भाताची चौकशी करणारे सरकार कसे असते, याची कल्पना आजच्या वाचकाला फार ताण न देता करता यावी.

या सगळ्याला कंटाळून, शिवाय दुष्काळ आणि लढायांमुळे, हजारो ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कानडा मुलखात गेली. केळदीच्या नायकांनी त्यांना जमिनी कसायला दिल्या. हे लोक धान्य पिकवणारे, कष्टाळू. त्यांनी चर्च बांधली, आणि पुराणाच्या हस्तलिखित प्रतीही सोबत नेल्या. १७६३मध्ये हा मुलूख हैदर अलीकडे आला. त्याच्याशी त्यांचे बरे चालले होते.

आता तो बुधवार. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मंगळूर काही काळ इंग्रजांकडे गेले होते. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी इंग्रजांना पैसा आणि रसद पुरवली, असा टिपू सुलतानाचा संशय होता. काहींनी पुरवलीही असेल. १७८४च्या फेब्रुवारीत, तहाची बोलणी संपत आलेली असताना, राखेच्या बुधवारच्या सुमारास टिपूच्या माणसांनी कानड्यातल्या ख्रिस्ती वस्त्या घेरल्या आणि बायकामुलांसकट लोकांना पकडले. मालमत्ता जप्त झाली, चर्च पाडली गेली, पाद्रींना हद्दपार करून गोव्याकडे धाडले. लोकांना घाट चढवून श्रीरंगपट्टणाला चालवत नेले. संख्येवर इतिहासकारांचे एकमत नाही, पण खालचा आकडाही हजारोंतच आहे. वाटेत आणि नंतर रोगाने, हालांनी बरेच मेले. अनेक तरुणांची सुंता करून त्यांना जबरदस्तीने मुसलमान केले आणि फौजेत घातले. जबरदस्तीचा कलमा कलमा ठरत नाही, हे आपल्या कोणत्याही मदरशातला मुलगा सांगेल.

त्या वर्षी ईस्टर ११ एप्रिलला होता. म्हणजे या लोकांचा सगळा उपवासकाळ वाटेत आणि छावणीत गेला. आणि असे ईस्टर पुढे पंधरा आले. पाद्री नाही, म्हणजे मिस्सा नाही, कपाळाला राख लावायला कोणी नाही, कबुलीजबाब नाही. कॅथलिक धर्मातले बहुतेक विधी पाद्रीच्या हातून होतात, त्यामुळे आपल्यापेक्षा त्यांची अडचण मोठी. अशा वेळी हाताशी राहिल्या दोनच गोष्टी. एक उपवास, ज्याला इमारत लागत नाही, मौलवी लागत नाही, पाद्री लागत नाही. रोजा धरणाऱ्या कोणालाही हे कळेल. दुसरी पाठ असलेल्या ओव्या. बंदिवासात ‘ख्रिस्तपुराणा’च्या पठणाने लोकांनी धीर आणि श्रद्धा टिकवली, असे मंगळूरचे ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गोव्यात ज्या भाषेवर ख्रिस्ती सत्तेने बंदी घातली, तीच भाषा मुसलमान सत्तेच्या कैदेत ख्रिस्ती माणसाच्या उपयोगी पडली.

आपल्या घरांत टिपूचे चित्र भिंतीवर असते. इंग्रजांपुढे न झुकता ४ मे १७९९ला तो तटावर लढता लढता पडला, त्याच्या अग्निबाणांची नक्कल पुढे इंग्रजांनी केली, हे आपण मुलांना सांगतो आणि सांगायलाही हवे. मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत तीच तारीख सुटकेची आहे. कर्नाटकात २०१५पासून सरकारी टिपू जयंती सुरू झाली आणि २०१९मध्ये बंद झाली. त्या चार वर्षांत टीव्हीवर जो आरडाओरडा झाला त्यात एक बाजू शृंगेरी मठाची पत्रे काढत होती आणि दुसरी मंगळूरचे बंदिवान. १७९१मध्ये मराठी फौजेतल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरी लुटल्यावर टिपूने मठाला मदत केली, ही पत्रे अस्सल आहेत. पण ती मंगळूरच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येत नाहीत. राज्यकर्त्याने एका गावी मठ सावरला म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाची पायपीट कमी होत नाही. गोव्याची इन्क्विझिशन काढून हे झाकणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की कानड्यातले हे लोक त्या इन्क्विझिशनचे वारस नव्हते. त्यांच्यातले पुष्कळ जण तिच्यापासून पळून आलेल्यांची नातवंडे होती.

१७९९नंतर जे वाचले ते परतू लागले. जमिनी दुसऱ्यांकडे गेल्या होत्या, घरे पडली होती. परतल्यावरचा पहिला ईस्टर १३ एप्रिल १८००ला आला. काही घरांतून पुराणाच्या प्रती बाहेर निघाल्या. वाळवी लागलेल्या, रोमन लिपीत हाताने उतरवलेल्या त्या प्रती जमवून जोसेफ सालदान्हा यांनी १९०७मध्ये मंगळूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले. देवनागरीत ते पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६मध्ये आणले, तोवर बहुतेक मराठी वाचकांना ते वाचताही येत नव्हते. मंगळूरकडच्या घरांत मात्र त्याचे गायन विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत चालू होते.