रसायन-किरणोपचार, समकालिक (फुप्फुसाचा कर्करोग)

शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, तिसऱ्या टप्प्यातील अलघुपेशी फुप्फुस-कर्करोगावर औषधे व किरण एकाच काळात देण्याची पद्धत. सहसा सहा आठवड्यांत ३० सत्रांमध्ये ६० ग्रे मात्रा देतात. सोबत सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड किंवा कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल. औषधामुळे कर्कपेशी किरणांना अधिक बळी पडतात. आधी औषध, मग किरण या क्रमापेक्षा ही पद्धत सरस ठरली : आरटीओजी ९४१० चाचणीत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०% ऐवजी १६% आढळले. त्याची किंमत रुग्ण मोजतो. अन्ननलिकेच्या दाहामुळे घास गिळणेही कठीण होते. मात्रा ७४ ग्रेपर्यंत वाढवून लाभ झाला नाही, उलट आयुर्मान घटले. खरी झेप २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅसिफिक चाचणीची : या उपचारानंतर वर्षभर डुर्व्हालुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४३% रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, ते न घेणाऱ्यांपैकी ३३%. अशक्त रुग्णांना मात्र बहुधा क्रमवार उपचारच देतात.