किंचाळण्याच्या बेतात

अलाबामात वाढलेल्या मिलर रीस हचिसनचा एक बालमित्र आजारपणात बहिरा झाला. त्याला ऐकू यावं म्हणून हचिसन खटपटीला लागला आणि १८९८च्या सुमारास त्याने विजेवर चालणारं श्रवणयंत्र तयार केलं. इंग्लंडच्या राणी अलेक्झांड्रालाही त्याचा उपयोग झाला. दहाएक वर्षांनी याच माणसाने क्लॅक्सन काढला. शीतयुद्धात अमेरिकी हवाई तळांवर जो वाजला की वैमानिक भरल्या ताटावरून उठून विमानाकडे धावत, तोच हा क्लॅक्सन. ही दोन्ही यंत्रं एकाच डोक्यातून आली हे वाचल्यापासून मी या कर्ण्याच्या मागावर आहे.

त्या काळी एक टोमणा प्रचारात होता: श्रवणयंत्रं खपावीत म्हणून हचिसनने लोकांचे कान फोडायची सोय केली. तारखा पाहिल्या तरी हे टिकत नाही, श्रवणयंत्र आधीचं. मला खरा दुवा दिसतो तो धातूच्या पातळ पडद्यात. श्रवणयंत्रात आवाज पडद्याला हलवतो. क्लॅक्सनमध्ये पडद्याच्या मध्यावर एक टणक गुंडी असते आणि मोटरवर फिरणारं दातेरी चाक तिला धडाधड ठोकत जातं, म्हणजे पडदा आवाज घडवतो. आपल्या गिरणीच्या भोंग्याला वाफ लागायची, सायरनला हवा लागते. क्लॅक्सनला दोन्ही नकोत. चाक वेग घेतं तसा सूर चढतो, वीज तोडली की उतरतो. त्या चढउताराचा ‘आऽऊऽगा’ एकदा ऐकला की विसरत नाही. वर्षानुवर्षं पडद्याशी झटलेल्या माणसालाच असा उलटा विचार सुचू शकतो, असं माझं ठाम मत आहे.

आता नाव. न्यूअर्कच्या लव्हेल-मॅककॉनेल कंपनीने १९०८मध्ये हा मोटारीचा हॉर्न म्हणून बाजारात आणला आणि नाव घेतलं ग्रीक ‘क्लाझो’वरून, म्हणजे ‘मी किंचाळतो’. इथवर कोशांचं एकमत आहे. पण ‘क्लाझो’त ‘क्स’ कुठे आहे? ‘क्लॅक्सन’मधला ‘क्स’ आणि शेवटचा ‘न’ आले कुठून? नुसत्या आवाजाची नक्कल म्हणावी, तर यंत्राच्या आवाजात ‘क्ल’ही नाही आणि ‘क्स’ही नाही. व्यापारी नावाला शोभेसा ‘ऑन’ जोडला असेल, हा दुसरा तर्क. त्याने ‘न’ सुटतो, ‘क्स’ तसाच राहतो.

माझा तर्क व्याकरणातून निघतो. ‘क्लाझो’चं भविष्यकाळी रूप ‘क्लांक्सो’, आणि त्यापासून होणारं विशेषण ‘क्लांक्सोन’, म्हणजे ‘जो किंचाळणार आहे तो’. त्यातला अनुस्वार गाळला की ‘क्लॅक्सन’ हाती येतो. तो अनुस्वार का गळला? जाहिरातीच्या शब्दात तोंडात अडेल असं काही ठेवत नाहीत, एवढंच माझं उत्तर, आणि मला ते पुरतं. शिवाय होमरची साक्ष आहे. ‘इलियड’च्या आरंभी संतापलेला अपोलो डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याच्या खांद्यावरचे बाण खणखणतात; त्या खणखणाटाला होमरने हेच क्रियापद वापरलं आहे. बाण अजून भात्यातच आहेत, एकही सुटलेला नाही. हवाई तळावरच्या क्लॅक्सनसाठी याहून नेमकं पूर्वचित्र मला सापडलेलं नाही.

मोटारीवरून हा आवाज युद्धात गेला. पहिल्या महायुद्धात खंदकांत विषारी वायूची सूचना त्याने दिली. पाणबुड्यांत बुडी मारण्याचा इशारा झाला. मला मोलाची वाटते ती विमानातली नोंद. १९१६मध्ये सोमच्या लढाईत ब्रिटिश विमानं खाली उतरून क्लॅक्सन वाजवत आणि पुढे गेलेलं पायदळ मशाली पेटवून आपली जागा दाखवी. म्हणजे क्लॅक्सन तळावर कायमचा बसण्याआधी आकाशात फिरून आला होता, आणि तेव्हा वैमानिक वाजवी, जमिनीवरचे हलत.

पुढे हे उलटलं. १ ऑक्टोबर १९५७पासून अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडने बॉम्बफेकी विमानं जमिनीवरच सज्ज ठेवायला सुरुवात केली. उद्दिष्ट होतं एक तृतीयांश ताफा पंधरा मिनिटांत उडवायचं. धावपट्टीच्या टोकाशी अर्धवट जमिनीत गाडलेली घरं बांधली. त्यांना ‘मोल होल’, म्हणजे चिचुंदरीचं बीळ म्हणत. कर्मचारी तिथेच जेवत, झोपत. क्लॅक्सन वाजला की आधी धावायचं. सराव की युद्ध, ते विमानात बसून सांकेतिक संदेश उलगडल्यावर कळणार. कधी नुसतं विमानापर्यंत पोचायचं, कधी इंजिनं सुरू करायची, कधी धावपट्टीपर्यंत जाऊन परतायचं. सरावासाठी वेगळा आवाज ठेवला नव्हता, कारण वेगळा ठेवला असता तर सराव झालाच नसता. सप्टेंबर १९९१मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही खडी तयारी उठवली.

क्युबाच्या पेचप्रसंगात, २५ ऑक्टोबर १९६२च्या रात्री, डुलुथच्या लष्करी केंद्राच्या कुंपणावर पहारेकऱ्याला एक आकृती चढताना दिसली. त्याने गोळी झाडली आणि घातपाताचा इशारा वाजवला. हा इशारा आसपासच्या तळांना जोडलेला होता. विस्कॉन्सिनच्या व्होल्क फील्डवर तारा चुकीच्या जोडलेल्या असल्याने घातपाताच्या इशाऱ्याऐवजी उड्डाणाचा क्लॅक्सन वाजला. अशा दिवसांत सराव होणार नाही, असं वैमानिकांना सांगितलेलं होतं. अण्वस्त्रं लावलेली एफ-१०६ विमानं घेऊन ते धावपट्टीकडे निघाले. एवढ्यात डुलुथहून निरोप आला: कुंपणावर अस्वल होतं. एक अधिकारी मोटार घेऊन सुटला आणि दिवे उघडझाप करत विमानांसमोर आला. त्या इंजिनांच्या गर्जनेत मोटारीचा हॉर्न, अगदी अस्सल क्लॅक्सन असता तरी, कुणाला ऐकू गेला नसता. वैमानिकांनी दिवे पाहिले आणि विमानं थांबवली.