दिसण्यासाठीचा दिवा

"मिस्त्री, मला रस्ता नीट दिसतो. मीच लोकांना दिसत नाही."

राहुरीकडचे एक निवृत्त गुरुजी दिवाळीनंतर माझ्या दुकानात आले, ते हेच बोलत. त्यांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी, राखाडी रंगाची, पहिल्या मालकापासून घरातच. नगर-मनमाड रस्त्यावर भर दुपारी चार वाजता उसाच्या ट्रॅक्टरने धुरळा उडवला आणि समोरून ओव्हरटेक करणाऱ्या जीपवाल्याला ही राखाडी गाडी त्या धुरळ्यात दिसलीच नाही. गुरुजींनी साइडपट्टीच्या खाली गाडी घातली म्हणून वाचले. आता त्यांना नव्या गाड्यांना असतात तसे दिवसा जळणारे पांढरे दिवे, डीआरएल, बसवून हवे होते.

गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी ४५ वर्षं गेली. तरुण पोरं डीआरएल मागतात ते गाडीला शोभा यावी म्हणून. गुरुजींनी मागितले त्यामागचं कारण मात्र आपल्या नगर जिल्ह्यात मोटारीच्याही आधीपासूनचं आहे. दिवा दोन कामांसाठी असतो. एक, आपल्याला दिसावं म्हणून. दुसरं, आपण दिसावं म्हणून. दुसरं काम आपण फार लवकर विसरतो.

गाडीवान ते विसरत नव्हता. रात्री गाडी जुंपली की आसाखाली, दोन चाकांच्या मध्ये, तो कंदील टांगायचा. त्या उजेडात रस्ता दिसायचा नाही आणि तशी गरजही नव्हती, कारण बैलांना वाट पाठ असते. चाकांच्या आऱ्यांच्या लांबलचक सावल्या रस्त्यावर फिरत राहायच्या आणि मागून येणाऱ्याला लांबूनच कळायचं की पुढे गाडी आहे. मग त्याच रस्त्यांवर मोटारी आल्या. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला आणि उसाच्या गाड्यांची रीघ लागली. बैलाची चाल आणि मोटारीचा वेग एकाच अरुंद रस्त्यावर आले. तेव्हापासून त्या कंदिलावर माणसांचे जीव टांगलेले आहेत.

दिव्याची दुसरी बाजू मी १९७१ च्या डिसेंबरात पाहिली. मी ८ वर्षांचा होतो. लढाई लागली, ब्लॅकआउट आला आणि वडिलांच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. प्रत्येकाला हेडलाइटची वरची अर्धी काच काळी करून हवी होती. मी काचेवर वर्तमानपत्राचा कागद धरायचो, वडील कागदाच्या कडेने ब्रश फिरवायचे. रेघ वाकडी गेली की घासलेटच्या बोळ्याने पुसून पुन्हा. लढाई संपली तरी काचेवर काळा ठिपका लावायची पद्धत पुढे कित्येक वर्षं टिकली, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून.

नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे आणि १९९४ साली उघडलेलं रणगाड्यांचं संग्रहालयही इथेच. त्यामुळे आमच्यासारख्यांना लष्करी गाड्या जवळून पाहायला मिळाल्या. वडिलांनी मला एकदा शक्तिमान ट्रकच्या मागे उकिडवं बसवून खाली बघायला सांगितलं. डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाचा गोल होता आणि त्याच्यावर, वरून झाकलेला, एक बारीक बल्ब. ताफा अंधारात निघाला की पुढचे दिवे बंद. मागच्या ड्रायव्हरने फक्त त्या पांढऱ्या गोलावर नजर ठेवायची. आकाशातून काही दिसत नाही, लांबून दिसत नाही, पण ज्याला दिसायला हवं त्याला दिसतं. वडील म्हणाले, "बघ, बैलगाडीचा कंदील जिथे असतो तिथेच आहे हा." मला वायरिंगच्या कामाची गोडी लागली ती त्या दिवशी.

मग लुना आली. १९७२ पासूनची कायनेटिकची ही मोपेड; दौंड रस्त्यावरच्या कारखान्यामुळे नगरला ती आपली वाटायची. तिचा दिवा मॅग्नेटोवर चालायचा. रेस केली की झगझगीत, गाडी हळू केली की मिणमिणता. म्हणजे चौकात, वळणावर, खड्ड्याशी, जिथे दिसणं सगळ्यात गरजेचं, तिथेच दिवा झोपायचा. संध्याकाळी दूधवाले आणि शिक्षक त्याच लुनांवर गावी परतायचे. त्यांच्या मागच्या मडगार्डला मी लाल रिफ्लेक्टर मारून दिले आहेत, किती ते मोजले नाहीत.

दिवसा दिवा लावायचा विचार थंड, अंधाऱ्या देशांतला. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाचा दिवा सक्तीचा केला, कॅनडाने १ डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना, युरोपीय संघाने २०११ मध्ये नव्या मॉडेलच्या मोटारींना. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला. त्या उन्हाळ्यात समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघडझाप करून "दिवा चालू आहे" म्हणून खुणावायचा. तो हात म्हणजेच दिवा दिसल्याची पावती होती.

गुरुजींना मी आधी साधा उपाय सांगितला होता, दिवसाही हेडलाइट लावा. पण त्यांच्या गाडीला अजून डायनामो आहे. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॉट, १२ व्होल्टवर नऊ अँपियरच्या वर. स्लो स्पीडला डायनामो तेवढं देत नाही. चार्जिंगचा लाल दिवा डोळा उघडतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. एलईडीची जोडी त्याच्या पाचव्या हिश्शातही भागते.

दुसरी अडचण मोलाची. ५० वर्षं पुरी झालेल्या गाडीची विंटेज म्हणून नोंद करता येते. २०२१ चा नियम आहे, पण गाडी मूळ रूपात हवी. आणि नियम नसता तरी त्या पत्र्याला ड्रिल लावायला माझा हात धजावला नसता. म्हणून बंपर ब्रॅकेटच्या मूळ बोल्टांनाच लोखंडी पट्ट्या धरल्या, काळा रंग दिला आणि दिवे बंपरखाली बसवले. दोन दिव्यांत ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवलं. मूळ हार्नेसची एकही वायर कापली नाही. नवी वायर वेगळ्या स्लीव्हमधून, वेगळ्या फ्यूजवर.

आता हे दिवे लागायचे कधी? नुसत्या चावीवर घेतले तर इंजिन बंद असतानाही जळत राहतील. ऑइल प्रेशरचा स्विच इंजिन बंद असताना अर्थिंग देतो, इंजिन चालू झालं की सोडतो. त्याच्यावर एक रिले बसवला. तेलाचा लाल दिवा विझला की त्याच क्षणी पुढचे दोन पांढरे दिवे लागतात. दुसऱ्या रिलेने हेडलाइट लावताच ते विझतात, नाहीतर रात्री समोरच्याला त्रास. सगळं उलटवायचं झालं तर चार बोल्ट आणि तीन थिंबल काढायचे, गाडी होती तशी.

चाचणीसाठी मी डोळ्यांवर हात धरून दुकानापासून लांब चालत गेलो आणि गुरुजींना गाडी समोरून आणायला सांगितलं. उन्हात राखाडी पत्रा डांबरात मिसळला होता. आधी दोन ठिपके दिसले, गाडी मागाहून.

आता गळीत हंगाम सुरू आहे. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी यावं, मी दिवे लावून देईन, पत्र्याला भोक न पाडता. आणि डबल ट्रॉली ओढणाऱ्या भावांनो, तुमच्या मागच्या ट्रॉलीला उसाच्या मोळ्यांखाली झाकला न जाईल असा एक लाल दिवा आणि रिफ्लेक्टर आजच लावा. रात्री रस्त्यात टायर फुटून ट्रॉली उभी राहिली तर मागून येणाऱ्याला तेवढंच दिसणार आहे.