फ्रिजचा गॅस आणि मुस्तफा टोल्बा

दर 16 सप्टेंबरला शाळांत ओझोन दिन होतो. चित्रकला स्पर्धा, भाषणं, फोटो. बातम्या मीही छापल्यात. पण ज्याच्या चिकाटीमुळे ही तारीख कॅलेंडरवर आली, त्या माणसाचं नाव एकाही भाषणात ऐकलं नाही. म्हणून ही पोस्ट.

मुस्तफा टोल्बा. इजिप्तमधल्या झिफ्ता गावात 1922 साली जन्म. पेशाने सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक. 1972 च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत इजिप्तच्या शिष्टमंडळाचे प्रमुख. पुढे नैरोबीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख झाले आणि 1992 पर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं, त्या खुर्चीवर राहिले.

फ्रिज, एसी आणि स्प्रेमधले सीएफसी वायू ओझोनचा थर खातात, हा इशारा मोलिना आणि रोलँड यांनी 1974 लाच दिला होता. 1985 च्या मार्चमध्ये व्हिएन्नात करार झाला, पण नुसता सांगाडा. कोणी किती कपात करायची, याचा आकडाच नाही. दोन महिन्यांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या घटीचा शोधनिबंध छापून आला.

तालुक्यातल्या पाणीवाटपाच्या बैठका मी वर्षानुवर्षं कव्हर करतोय. माईकसमोर सगळे ताठ. तोडगा निघतो तो मागच्या खोलीत, चहावर. टोल्बांना हे पक्कं ठाऊक होतं. मोजक्या प्रतिनिधींना ते वेगळं बसवायचे. देशाची पाटी बाहेर ठेवा, स्वतःचं मत सांगा, अशी त्यांची पद्धत. 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रियलमध्ये 24 देशांनी सह्या केल्या.

त्यातही कपात होती निम्मीच. आणि भारत-चीनने सही केली नाही. का करावी? वायू सोडले श्रीमंतांनी, आपल्याकडे तर फ्रिज आत्ता कुठे घरोघरी येऊ लागला होता. गरीब देशांना दहा वर्षांची सवलत होती, पण नवं तंत्रज्ञान घ्यायला पैसा कोण देणार? 1990 ला लंडनमध्ये उत्तर मिळालं : श्रीमंत देशांच्या पैशातून स्वतंत्र निधी. सुरुवातीला 16 कोटी डॉलर. भारत-चीन आले तर 24 कोटी. सीएफसी पूर्ण बंद करायचंही तिथेच ठरलं. 1992 मध्ये भारत आत आला.

तुमच्या फ्रिजमध्ये मेकॅनिक पूर्वी आर-12 गॅस भरायचा. तो बंद झाला, त्यामागे हा सगळा खटाटोप आहे. बदली आलेले काही गॅस तापमान वाढवतात, हेही खरं. म्हणून 2016 ला किगालीत त्यांच्याही कपातीची तरतूद याच करारात जोडली. त्याच वर्षी मार्चमध्ये टोल्बा गेले होते.

आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे. अंटार्क्टिकावरचा थर 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मला यातून एकच कळतं. अर्धवट करारसुद्धा चालतो, फक्त तो दर काही वर्षांनी पुन्हा घट्ट करायची सोय हवी, आणि ज्याने बिघडवलं त्याने खिशात हात घालायला हवा. हवामान बदलाच्या परिषदांचं घोडं अजून अडतं ते या दुसऱ्या अटीवरच.

यंदाच्या ओझोन दिनाला आपल्या शाळेत टोल्बांची गोष्ट कोण सांगणार? गुरुजनहो, कमेंटमध्ये कळवा.