चांगला रीफ टँक पाळणारा कसा ओळखायचा? भिवंडीच्या उकाड्यात समुद्र सांभाळण्याची गोष्ट

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट, गोदामांच्या रांगा आणि नाशिक महामार्गावरची ट्रॅफिक आठवते. प्रवाळ काही आठवत नाहीत. पण मोबाईलवर निळ्या उजेडात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्याभोवती फिरणारा नारिंगी ‘निमो’ दिसला की ‘असं आपल्या हॉलमध्ये करता येईल का?’ हा प्रश्न भिवंडीतही पडतोच.

करता येतं. पण रीलमध्ये फक्त टाकी दिसते, ती जिवंत ठेवणाऱ्या माणसाची रोजची कामं दिसत नाहीत. महागडी लाईट आणि मोठी काच पैसे देऊन मिळते. टाकी टिकते ती सांभाळणाऱ्याच्या सवयींवर.

रीफ टँक म्हणजे नेमकं काय?

प्रवाळ म्हणजे दगडही नाही आणि झाडही नाही. ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. पाणी जास्त काळ गरम राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात याला ब्लीचिंग म्हणतात. घरातल्या टाकीतही तेच होतं.

घरात प्रवाळ जगवण्याचा मार्ग दाखवणाऱ्यांत जकार्ताचे ली चिन एंग यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. 1961 साली त्यांनी आपली पद्धत लेखातून मांडली. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड, एवढ्यावर ती चालायची. दगडांवरचे जिवाणू पाणी स्वच्छ ठेवायचे. आज यंत्रं वाढली, पण तत्त्व तेच आहे.

पहिला गुण: थांबता येणं

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत फक्त पाणी, वाळू आणि दगड असतात. पाहुणे विचारतात, ‘मासे कुठे आहेत?’ त्या वेळी ‘अजून वेळ आहे’ असं सांगता येणं ही पहिली परीक्षा.

पुढेही एकेक मासा, एकेक प्रवाळ असंच जावं लागतं. नवा मासा निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री रोग एका माशाबरोबर येतो आणि पूर्ण टाकी रिकामी करतो.

दुसरा गुण: आकडे स्थिर ठेवणं

रीफ टँकचे आकडे पाठ करणं सोपं आहे. तापमान 24 ते 26 अंश, क्षारता दर हजारी 35 भाग, पीएच 8.1 ते 8.4, कॅल्शियम लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम. अवघड असतं ते आज, उद्या आणि पुढच्या महिन्यातही तिथेच ठेवणं. समुद्र प्रचंड मोठा असल्यामुळे हळू बदलतो, 200 लिटरची टाकी मात्र एका दुपारीत बदलते.

एक साधा हिशेब पाहा. समजा अशा टाकीतून रोज 4 लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. तीन दिवस लग्नाला गावी गेलात आणि पाणी भरलं नाही, तर 12 लिटर कमी होऊन क्षारता 35 वरून 37 च्या वर जाते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची असते, खाऱ्या पाण्याची नाही. नवख्यांची चूक इथेच होते.

मुरलेला माणूस रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. आकडा चुकलेला दिसला तरी एका दिवसात ‘दुरुस्त’ करायला जात नाही. प्रवाळाला चुकीच्या आकड्याइतकाच अचानक बदलही बाधतो.

भिवंडीतली खरी परीक्षा

*पाणी:* नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि विरघळलेले क्षार असतात. घरच्या प्युरिफायरचं पाणी पिण्यासाठी ठीक, पण त्यात चवीसाठी थोडे क्षार राखलेले असतात. रीफ टँकला टीडीएस शून्याच्या जवळ लागतो. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा जोडतात आणि त्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवतात. दर आठवड्याला 20 लिटर पाणी बदलायचं तर दर वेळी 700 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. शहराला खाडी लागून असली तरी ते पाणी उपयोगाचं नाही. खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळतं आणि शहराचं सांडपाणीही.

*उकाडा:* मे महिन्यात पारा 35 च्या वर जाणं इथे नवं नाही. पाण्यावर पंखा सोडला की वाफ होऊन पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण हा उपाय कोरड्या हवेत चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की वाफ कमी होते आणि पंखा फिरत असूनही पाणी तापतं. मग चिलर किंवा खोलीत एसी लागतो. माग जवळ असतील तर चिलरच्या जाळीवर कापसाचे बारीक तंतू साचतात. जाळी बंद झाली की चिलर चालू राहूनही थंड करत नाही. ती ठरलेल्या दिवशी साफ करणं हेसुद्धा प्रवाळ सांभाळण्याचंच काम आहे.

*वीज:* पंप थांबला की पाणी हलत नाही आणि प्राणवायू घटू लागतो. टाकीत गर्दी असेल तर काही तासांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घेतात, लाईट नंतर. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पाणी फिरवणारा पंप ठेवतात. लाईट काही तास बंद राहिली तर प्रवाळाचं बिघडत नाही.

तिसरा गुण: ‘नको’ म्हणता येणं

हा गुण कायद्याशीही जोडलेला आहे. 2001 साली दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आले. सर्व समुद्री घोडेही त्याच यादीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या रांगेत बसतात. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘आठवण’ म्हणून आणलेला वाळका प्रवाळाचा तुकडासुद्धा गुन्हा ठरू शकतो. मुंबईत सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली इथले प्रवाळ 2020 मध्ये हलवावे लागले, तेव्हा महापालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली होती.

परदेशातून आलेल्या प्रवाळांचं काय? दगडी प्रवाळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. अशा यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी करण्याचे नियम केंद्राने 2024 मध्ये लागू केले. म्हणून दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे’ म्हणाला की चांगला पाळणारा आयातीचे कागद मागतो. कागद नसतील तर स्वस्त तुकडाही घेत नाही.

माशांतही निवड असते. ‘फाइंडिंग निमो’ 2003 मध्ये आला आणि त्यातली ‘डोरी’ घराघरात पोहोचली. पण हा निळा मासा सुमारे 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांब टाकी लागते. दोन-अडीच फुटांच्या टाकीत तो आणणं म्हणजे त्याला कोंडणं. ‘निमो’ म्हणजे क्लाऊनफिश मात्र माणसाच्या देखरेखीत पैदास होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलं आहे आणि भिवंडीजवळच ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानची शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी आहे. पैदास केलेला मासा तयार खाद्य सहज खातो आणि त्यासाठी समुद्रातला मासा पकडावा लागत नाही.

घरातल्यांची काळजी

झोअँथिड नावाच्या रंगीत, बटणासारख्या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा वापरतात. असे दगड स्वच्छ करायला कधीही उकळत नाहीत, कारण वाफेतून विष घरभर पसरू शकतं. लहान मुलं असलेल्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत हवी.

आणि छंद सोडायची वेळ आली तर?

बदली होते, घर लहान पडतं, खर्च झेपत नाही. अशा वेळी मासे खाडीत सोडणं ही दया नाही. ते तिथे मरतात किंवा जगले तर स्थानिक जीवांना त्रास देतात. कागदपत्रांसह ते दुसऱ्या अनुभवी पाळणाऱ्याकडे किंवा दुकानात परत द्यायचे असतात.

क्लाऊनफिश सांभाळला तर वीस वर्षंही जगू शकतो. म्हणून टाकी विकत घेण्याआधी एक प्रश्न घरात बसून सोडवावा लागतो: मे महिन्यात आठ दिवस गावी गेल्यावर टाकीत रोज पाणी कोण भरणार? त्या माणसाचं नाव ठरलं नसेल, तर टाकी अजून घ्यायची नाही.