मशीन वर आलं आणि घड्याळ सुरू झालं

३ जून २०२०, दुपारी १२.३० ते २.३०
निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. माणसे घरांत, होड्या खाडीत बांधलेल्या. दोर तुटला, होडी शेजारच्या होडीवर आपटली आणि आऊटबोर्ड मशीनसकट तळाला गेली. ही होडी कुणा एकाची नाही. त्या दिवशी अशा कितीतरी बुडाल्या. पण मशीन एकच धरून चालू: दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू होणारे. बुडताना ते बंद होते, हे नशीब. चालते मशीन बुडाले की पाणी सिलिंडरमध्ये ओढते, पाणी काही दाबले जात नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

रात्र
मशीन तळाशी. घरी सगळे हळहळतात, पण खरे म्हणजे इथे ते त्यातल्या त्यात सुखरूप आहे. लोखंड गंजायला पाण्याबरोबर प्राणवायूही लागतो; मीठ गंजाचा वेग वाढवते. तळाच्या पाण्यात प्राणवायू तुटपुंजाच.

४ जून, सकाळी ६
ओहोटी होती; भरतीचे पाणी चढायच्या आत चौघांनी मशीन ओढून काढले. आता भरपूर हवा आहे, आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेले पाणी अजून आतच आहे.

सकाळी ७
पंचनाम्याला माणूस येणार, तोवर हात लावू नका, असे कुणीतरी सांगतो. सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही; नुकसान दिसले नाही तर भरपाई कशी मिळणार? फोटो काढून ठेवले असते तर भागले असते. निदान मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचे. मेकॅनिक येईपर्यंत ओलेच ठेवायचे, हे मात्र कुणाच्या गळी उतरत नाही. मशीन वाळायला उन्हात ठेवतात. पाणी उडते, मीठ तिथेच राहते.

सकाळी ११
मेकॅनिक येतो. वीज गेलेली, पंप बंद; विहिरीचे पाणी बादल्यांनी आणून कव्हर काढलेले मशीन धुतले जाते. तो फ्लायव्हील हाताने हळू फिरवून बघतो. वाळू कचकचली असती तर तिथेच थांबून मशीन खोलावे लागले असते, कारण एका फेरीत सिलिंडरला चरे पडतात. आवाज नाही. प्लग काढून, भोके खाली करून तो मशीन आडवे करतो आणि फ्लायव्हील फिरवत राहतो. आधी पाणी, मग फेस.

दुपारी १
कार्बोरेटरची वाटी, पेट्रोलची नळी, फ्युएल पंप, सगळे साफ केले. टाकीतले जुने पेट्रोल ओतून टाकले. प्लगच्या भोकांतून आणि कार्बोरेटरमधून ऑइल. इग्निशनचा सीडीआय डबा राळेत बंद असल्याने सहसा वाचतो. जोडण्या तेवढ्या धुऊन पुसल्या. गिअरच्या ऑइलचा स्क्रू सैल करून पाहिला: दुधाळ नाही, म्हणजे सील शाबूत.

दुपारी ३
पिंपात पाणी भरून मशीन त्यात उभे केले, नाहीतर थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर कोरडा फिरून जळतो. नवे प्लग, नेहमीच्या दुप्पट ऑइल घातलेले पेट्रोल. बऱ्याच ओढींनंतर धूर, खोकला, आणि मशीन चालू! पोरे टाळ्या वाजवतात.

दुपारी ३.१०
मशीन बंद केले. पेट्रोल वाचवायचे होते, चालते हे तर कळले होते. मला विचाराल तर घात झाला तो इथे, वादळात नव्हे. तास-अर्धा तास चालून आतला भाग नीट तापला असता, तर बेअरिंगांच्या बेचक्यांतला ओलावा उडाला असता आणि ऑइल सगळीकडे पोचले असते. दहा मिनिटांत ओलावा फक्त जागा बदलतो.

५ जून, सकाळी
वटपौर्णिमा. दोरी अर्ध्यावर अडते. रात्रीतून सिलिंडरच्या लायनरला गंज चढला, पिस्टनच्या रिंगा चिकटल्या. दोघे मिळून जोर लावतात. सुटते, पण खरखरत. मेकॅनिक फ्लायव्हीलला कान लावून हात काढून घेतो.

दुपारी मशीन खोलले. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमधल्या सुईसारख्या रोलरांवर तपकिरी खड्डे. अशा टू-स्ट्रोकचा क्रँक बहुधा तुकडे दाबून बसवलेला असतो. हे बेअरिंग बदलायचे तर तो प्रेसवर फोडावा लागतो, पुन्हा बसवून सरळ करावा लागतो. त्यासाठी वर्कशॉप गाठायला हवे, आणि जवळच्या वर्कशॉपला अजून वीज आलेली नाही.