ऑथेल्लोचा दोष आणि व्हेनिसचा न्याय

शोकांतिका शिकवताना आपल्या महाविद्यालयांतून एक ठरीव उत्तर वर्षानुवर्षे सांगितले जाते. नायक थोर असतो, त्याच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्या दोषापायी त्याचा नाश होतो. मॅक्बेथची महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटची चालढकल, ऑथेल्लोचा मत्सर. विद्यार्थी एवढे पाठ करतो आणि पास होतो. ॲरिस्टॉटलने वापरलेला ‘हामार्शिया’ हा शब्द मुळात नेम चुकणे, प्रमाद होणे या अर्थाचा. पुढच्या समीक्षेने त्याचा ‘स्वभावदोष’ करून टाकला. हा बदल वाटतो तितका निरुपद्रवी नाही. प्रमादाला परिस्थिती लागते. स्वभावदोष माणूस जन्मतःच घेऊन आला असे म्हणता येते. माणसाला जन्मावरून दोषी ठरवण्याची ही रीत आपल्याला नवीन नाही. म्हणूनच ‘ऑथेल्लो’ पुन्हा वाचले पाहिजे.

या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद 1604 सालची, लंडनच्या राजवाड्यातली. कथाबीज 1565 मध्ये छापलेल्या चिंथिओ या इटालियन लेखकाच्या कथेतले. त्या कथेत मूर सेनानीला नावच नाही. त्याला नाव दिले शेक्सपिअरने. त्या काळचे लंडन कसे होते? 1596 मध्ये राणी एलिझाबेथच्या राजवटीने काळ्या लोकांना देशाबाहेर पाठवण्यासाठी पत्रे काढली. 1600 मध्ये त्याच राणीच्या दरबारात मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील सन्मानाने आला, कारण स्पेनविरुद्ध मोरोक्कोची दोस्ती हवी होती. गरज असेल तेव्हा सन्मान, गरज नसेल तेव्हा हकालपट्टी! नाटकातले व्हेनिस याच मापाने चालते.

ब्रॅबँशिओ हा व्हेनिसचा सिनेटर ऑथेल्लोला घरी बोलावतो, त्याच्या पराक्रमाच्या कथा आवडीने ऐकतो. पण मुलीने, डेस्डेमोनाने, त्याच्याशी लग्न केले की तोच गृहस्थ जादूटोण्याचा आरोप घेऊन रात्री सभेत धावतो. गोऱ्या मुलीने काळ्या माणसावर आपखुशीने प्रेम केले, हे त्याच्या बुद्धीला झेपतच नाही. व्हेनिसचा ड्यूक ऑथेल्लोच्या बाजूने कौल देतो खरा. पण तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत आहे आणि त्याला तोंड द्यायला हाच सेनानी लागणार आहे, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या अंकाच्या आरंभी वादळात ते आरमार नष्ट होते. शत्रू संपला आणि त्याबरोबर ऑथेल्लोची गरजही संपली. चौथ्या अंकात त्याला परत बोलावून कॅसिओला त्याच्या जागी नेमल्याचा हुकूम येतो. शोकांतिकेची ही चौकट समीक्षक क्वचितच सांगतात.

राहिला इयागो. त्याच्या दुष्टपणाला हेतूच नाही असे कोलरिज म्हणाला आणि इयागो जणू आकाशातून पडलेला सैतान ठरला. परंतु इयागोची भाषा तपासून पाहा. जी बापाला फसवते ती नवऱ्यालाही फसवील, हा इशारा पहिल्या अंकात ब्रॅबँशिओने भरसभेत दिलेला आहे. तिसऱ्या अंकात इयागो तोच उचलतो. पुढे तो म्हणतो की आपल्या देशाचा, वर्णाचा, दर्जाचा वर सोडून जी परक्याकडे वळली, तिची ओढ निसर्गाला धरून नाही. हे विष इयागोने घरी तयार केलेले नाही. ते व्हेनिसच्या हवेतच आहे. तो फक्त ते नेमक्या वेळी कानात ओततो. आणि मग ऑथेल्लो स्वतःच आपला काळा रंग, आपले दरबारी वळण नसलेले बोलणे, आपले उतरते वय मोजू लागतो. समाजाचे बाहेरचे मत माणसाचे आतले मत होते, तो हा क्षण. त्याच्या अधःपाताची सुरुवात इथे आहे. त्याला आपण नुसता मत्सर म्हणायचे काय?

या प्रश्नाला समीक्षेचा इतिहासही उत्तर देतो. 1693 मध्ये थॉमस रायमरने थट्टा केली की आमच्याकडे काळा माणूस फार तर कर्णा वाजवणारा होईल, शेक्सपिअरने मात्र त्याला सेनापती केले. 1937 मध्ये एफ. आर. लीव्हिसने खरा शत्रू ऑथेल्लोच्या आतच असल्याचे मांडले. रंगभूमीवर तर नाटकातलेच नाटक घडले. 1833 मध्ये आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णीय नट लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. वृत्तपत्रांनी त्याच्या वर्णावर झोड उठवली आणि दोन प्रयोगांत खेळ आटोपला. 1943 मध्ये पॉल रोब्सनने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 296 प्रयोग केले, आणि पुढच्या दौऱ्यात काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणाऱ्या नाट्यगृहांत प्रयोग करण्यास नकार दिला. टाळ्या वाजवणाऱ्या त्याच देशाने 1950 मध्ये त्याच्या राजकीय मतांसाठी त्याचा पासपोर्ट काढून घेतला. तो परत मिळायला 1958 उजाडले.

मराठीत हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये आणले. 1890 मध्ये देवलांचा ‘झुंझारराव’ आला. म्हणजे ऑथेल्लो आपल्या भाषेत दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे. जन्मावरून माणूस तोलणाऱ्या या समाजात या नाटकाचा अर्थ सर्वांत आधी कळायला हवा होता. पण परीक्षेच्या उत्तरात अजून मत्सरच लिहिला जातो.

तरी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बाहेरची कारणे दाखवणे म्हणजे ऑथेल्लोला निर्दोष सोडणे नव्हे. डेस्डेमोनाचा गळा त्याच्याच हातांनी आवळला आहे. तिला एक शब्दही नीट बोलू न देता त्याने न्याय केला. अन्याय सोसलेला पुरुष घरातल्या बाईवर तोच अन्याय उलटवतो, हे आपण आपल्या वस्त्यांतही पाहतो आणि ते झाकण्यात कोणतीही क्रांती नाही. सत्य बोलण्याचे धाडस एमिलिया करते आणि नवऱ्याच्या, इयागोच्या, हातून मरते. दोन्ही बायका मरतात. व्हेनिसचे राज्य मात्र सुखरूप राहते.

शेवटी ऑथेल्लो एक आठवण सांगतो: अलेप्पोत एका तुर्काने व्हेनिसच्या माणसाला मारले, तेव्हा आपण त्या तुर्काला भोसकले होते. हे सांगता सांगता तो स्वतःला तसेच भोसकतो. व्हेनिसचा सैनिक तोच, व्हेनिसचा शत्रूही तोच. ज्यांनी त्याला परका ठरवले त्यांच्याच वतीने तो स्वतःला शिक्षा देतो. व्हेनिसला फाशी देणारा शोधावा लागत नाही.

हेच या नाटकातले सर्वांत भयंकर सत्य आहे. स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकवणारी व्यवस्था माणसाला मारायला हत्यार वापरीत नाही. ते त्याच्याच हातात देते. वर्गात ‘ऑथेल्लोचा दोष कोणता?’ हा प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न लिहिला पाहिजे: व्हेनिसचा दोष कोणता?